खाण तशी माती? झोलाचा पशू, १८७१चा कायदा आणि अण्णा भाऊंचा भीमा

आजच्या भागात खून आहेत, प्रेतं आहेत, रेल्वे आहे, पोलिसांची रजिस्टरं आहेत आणि दगडाच्या दोन खाणी आहेत. एक खाण फ्रान्समधली, एक मुंबईच्या उपनगरातली. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढलीय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा प्रश्न साधा आहे. माणसाच्या आतला काळोख येतो कुठून? आपल्याकडे याचं उत्तर तयारच असतं. सातारा-सांगलीच्या कुठल्याही गावात पारावर कुणाच्या तरी पोराचा विषय निघू द्या. कुणीतरी तंबाखू मळत म्हणणारच, "खाण तशी माती." म्हणजे बाप तसा होता, पोरगं वेगळं काय निघणार! विषय संपला. आज आपण हा संपलेला विषय पुन्हा उघडणार आहोत. कारण या तीन शब्दांवर एकेकाळी जगातल्या एका मोठ्या लेखकानं वीस कादंबऱ्या रचल्या, आणि त्याच काळात आपल्याकडे एक कायदाही उभा राहिला.

काचेमागची प्रेतं

एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये एक सार्वजनिक शवागार होतं. नदीत सापडलेली, ओळख न पटलेली प्रेतं तिथे काचेमागे मांडून ठेवायचे. हेतू चांगला होता, कुणी ओळखीचं असेल तर येऊन सांगावं. पण लोक यायचे ते बघायला. जत्रेला यावं तसे, गर्दी करून.

एमिल झोलाची 'तेरेझ राकँ' ही कादंबरी आली १८६७ साली, तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. गोष्ट अशी. तेरेझचं लग्न तिच्या आजारी, किरकिऱ्या भावाशी, म्हणजे आतेभावाशी लावून दिलेलं. त्याचं नाव कामीय. मग घरात येतो त्याचा मित्र लोराँ. धडधाकट, आळशी, खाण्यापिण्याचा शौकीन. तेरेझ आणि लोराँ एकमेकांत गुंततात आणि एके दिवशी नावेतून कामीयला नदीत ढकलतात. बुडण्याआधी कामीय लोराँच्या मानेचा लचका तोडतो.

इथून पुढे खरी कादंबरी सुरू होते. लोराँ रोज त्या शवागारात जातो, प्रेत सापडलं का बघायला. सापडतं. मग दोघं लग्न करतात, आणि त्यांना झोप येत नाही. अंथरुणात मधे तो मेलेला माणूस असतोच. मानेवरचा व्रण जळत राहतो. कामीयची आई अर्धांगवायूनं लुळी पडलेली. तिला सगळं कळतं, पण बोलता येत नाही, फक्त डोळे हलतात. शेवटी त्या डोळ्यांसमोर दोघं विष घेतात.

समीक्षकांनी 'हे सडकं साहित्य आहे' म्हणून झोडपलं. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत झोलानं उत्तर दिलं. त्याचा सूर असा होता, की मी स्वभावचित्रं काढत बसलेलो नाही, मी प्रकृती तपासतोय. सर्जन जसं प्रेत फाडून बघतो तसं मी जिवंत माणसं बघितली. पश्चात्ताप वगैरे काही नाही, ही फक्त शरीराची आणि मज्जातंतूंची गडबड आहे.

यालाच पुढे निसर्गवाद म्हणू लागले. वास्तववाद म्हणजे 'आहे तसं दाखवा'. निसर्गवाद एक पायरी पुढे जातो. तो म्हणतो, जे आहे ते तसं *का* आहे याचं शास्त्रीय कारण दाखवा. आणि कारणं मुख्यतः दोन, रक्त आणि भोवताल.

एक झाड आणि वीस कादंबऱ्या

१८७१ साली झोलाच्या मोठ्या मालिकेतली पहिली कादंबरी पुस्तकरूपात आली. हे साल लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे. मालिका संपली १८९३ मध्ये. 'रुगाँ-माकार' या एकाच कुळाच्या वीस कादंबऱ्या. कुळाचं मूळ एक बाई, आदेलाईद. मनानं अस्थिर, झटके येणारी. तिचा नवरा रुगाँ, साधा माळी. तो गेल्यावर तिचं माकार नावाच्या दारुड्या चोरट्या व्यापाऱ्याशी जमतं. या दोन शाखांतून पुढे मंत्री, दलाल, धोबीण, चित्रकार, वेश्या, खाणकामगार, पाद्री असे सगळे निघतात. आणि प्रत्येकात म्हातारीचा तो मूळ बिघाड वेगळ्या रूपात उगवतो. झोलानं चक्क वंशवृक्ष छापला होता. प्रत्येक पानावर नाव आणि त्यापुढे कुणाकडून काय आलं त्याची नोंद.

मला त्या वंशवृक्षातली एक गोष्ट फार रोचक वाटते. १८७७च्या कादंबरीत धोबीण जेर्वेझला तिच्या आधीच्या माणसापासून दोन मुलगे आहेत, क्लोद आणि एतिएन. एतिएन पुढे 'जर्मिनल'चा नायक झाला, संप करणारा खाणकामगार. मग झोलाला १८९०च्या कादंबरीसाठी एक खुनी हवा होता. एतिएनला आता खुनी करता येईना. तेव्हा झोलानं जेर्वेझला मागाहून तिसरा मुलगा देऊन टाकला, जाक. जुन्या कादंबरीत त्याचा पत्ताच नाही!

म्हणजे बघा, सिद्धांताला हवी होती म्हणून नोंद वाढवली. कादंबरीत हे चालतं. कादंबरीकाराचा तो हक्कच आहे. सरकारनं हेच केलं तर काय होतं ते पुढे येईलच.

रेल्वेवरचा पशू

तर हा जाक, 'ला बेत युमेन' म्हणजे 'मानवी पशू' या कादंबरीचा नायक. पॅरिस ते ल हाव्र या रेल्वेमार्गावर तो इंजिन ड्रायव्हर आहे. झोला हे लिहिण्यासाठी १८८९ मध्ये स्वतः इंजिनावर उभा राहून प्रवास करून आला होता. 'जर्मिनल'च्या वेळीही तो उत्तर फ्रान्समधल्या कोळशाच्या खाणीत उतरला होता. हा माणूस घरी बसून लिहिणारा नव्हता.

जाक कामात चोख आहे. दारूला शिवत नाही, कारण एका घोटानंही आत काहीतरी हलतं हे त्याला माहीत आहे. त्याला एकच व्याधी. बाईची इच्छा झाली की त्याच क्षणी तिला मारून टाकण्याची इच्छा होते. झोला म्हणतो, हे त्याचं नाहीच, पिढ्यान् पिढ्या दारू ढोसलेल्या पूर्वजांचं साचलेलं विष आहे. तो पळतो, लपतो, इंजिनावर जीव लावतो. पण शेवटी ज्या सेव्हरीनवर त्याचं प्रेम असतं, तिलाच मारतो.

खून झाल्यावर पकडलं कुणाला जातं? काब्युश नावाच्या माणसाला. हा दगडाच्या खाणीत काम करणारा, जंगलातल्या झोपडीत एकटा राहणारा. पूर्वी मारामारीत एक माणूस त्याच्या हातून मेलेला, त्याबद्दल शिक्षा भोगून आलेला. अंगानं आडदांड, बोलता येत नाही नीट. तपास करणारा न्यायाधीश त्याच्याकडे बघतो आणि त्याचं मत पक्कं होतं. असा दिसणारा, असा इतिहास असणारा माणूस, दुसरा कोण असणार? आणि खरा खुनी जाक कोर्टात साक्षीदार म्हणून येतो, लोक हळहळतात, कारण तो तर मयताचा प्रियकर. काब्युशला जन्मठेप होते.

ही कादंबरी लोक 'रक्तातल्या पशू'ची कादंबरी म्हणून वाचतात. ते बरोबरच आहे. पण त्याच पानांवर झोलानं दुसरीही गोष्ट लिहून ठेवलीय. रक्तात काय आहे हे चेहऱ्यावरून आणि जुन्या नोंदीवरून ओळखतो असं म्हणणारी व्यवस्था साफ चुकते. पशू सुटतो आणि पशूसारखा *दिसणारा* आत जातो. इटलीतला गुन्हेगारीशास्त्रज्ञ लोम्ब्रोझो, ज्यानं १८७६ मध्ये 'जन्मजात गुन्हेगार' ही कल्पना मांडली, त्यानंही या कादंबरीवर लिहिलं. त्याचं सगळं लक्ष जाकवर. काब्युशच्या बाजूनं विचार केला असता तर त्याच्या शास्त्राची पंचाईत झाली असती.

तेच साल, आपल्याकडे

आता १८७१. त्याच साली भारतात ब्रिटिश सरकारनं क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट केला, गुन्हेगार जमाती कायदा. त्यामागचा युक्तिवाद ऐका. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर. धंदा जातीनं चालतो. मग चोरीही काही जमातींचा पिढीजात धंदाच असणार. झालं! खाण तशी माती, पण आता सरकारी शिक्क्यासह.

याची मुळं आणखी मागे जातात. १८३०च्या दशकात स्लीमननं ठगांविरुद्ध मोहीम काढली, तेव्हा 'पिढीजात खुनी' ही कल्पना युरोपभर गाजली. इतकी, की फ्रेंच लेखक अजेन स्यूच्या १८४४-४५च्या प्रचंड लोकप्रिय कादंबरीत फेरिंघिया नावाचा एक ठग पात्र म्हणून येतो. म्हणजे पॅरिसच्या वाचकाला जन्मजात खुन्याची चटक लावण्यात आपल्याकडच्या पोलीस कागदपत्रांचाही हात होता.

कायदा कसा चालायचा? सरकारनं एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की संपलं. त्या जाहीरनाम्याला कुठल्याही कोर्टात आव्हान देता येत नव्हतं. मग रजिस्टर. जमातीतल्या माणसांची नावं त्यात. ठरल्या वेळी हजेरी. गाव सोडायचं तर परवाना. हजेरी चुकली की तोच गुन्हा. १८९७च्या दुरुस्तीनंतर मुलांना आईबापांपासून काढून वेगळ्या वसाहतीत ठेवायची तरतूद आली. का? तर रक्तातलं वळण लागू नये म्हणून! रक्तातच आहे म्हणायचं आणि संगतीनं लागेल म्हणून मूल उचलायचं, ही विसंगती कुणाला खटकली नाही.

मूळ कायदा उत्तरेकडच्या प्रांतांसाठी होता. १९११च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यापर्यंत आला. तारेच्या कुंपणाच्या वसाहती झाल्या, त्यातली सोलापूरची मोठी. तिथे काम केलेल्या मालतीबाई बेडेकरांनी, म्हणजे विभावरी शिरूरकरांनी, त्या अनुभवातून १९५० मध्ये 'बळी' ही कादंबरी लिहिली. कुंपणाच्या आत माणसांचं काय होतं हे मराठीत इतक्या थंडपणे क्वचितच कुणी लिहिलं असेल. निसर्गवाद मराठीत कुठे आहे असं कुणी विचारलं तर मी आधी 'बळी'कडे बोट दाखवेन.

सातारा जिल्हा, वाटेगाव

आता आपल्या भागात येऊ. आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. वाळवा, शिराळा ही सगळी सातारा जिल्ह्यातली. १९४९ मध्ये दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं.

या भागात रामोशी हे गावाचे पिढीजात राखणदार. गडांच्या मेटांवर पहारा, गावाची रात्रगस्त, हे त्यांचं काम. १८१८ मध्ये पेशवाई गेली, ब्रिटिशांनी गडांवरच्या नेमणुका आणि वतनं काढून घेतली, आणि राखणदार बेकार झाला. उमाजी नाईकांचं बंड यातूनच उभं राहिलं. १८३२ मध्ये त्यांना पुण्यात फाशी दिली. म्हणजे ज्या रक्तात शेकडो वर्षं राखण होती, त्याच रक्तात एका पिढीत चोरी कशी काय उतरली? रक्त बदललं नव्हतं. पगार बंद झाला होता.

मांग समाजाचंही तसंच. गावगाड्यात दोर वळायचे, केरसुण्या करायच्या, वाजवायचं, आणि बलुत्यावर जगायचं. १८९६-९७ चा दुष्काळ, पाठोपाठ प्लेग, मग १८९९-१९०० चा दुष्काळ. गावालाच दाणा नाही तिथे बलुतं कोण देणार?

याच समाजात १ ऑगस्ट १९२० ला वाटेगावात अण्णा भाऊ साठे जन्मले. शाळा दीड दिवसाची. कुटुंबासोबत चालत मुंबई गाठली, गिरणीत काम केलं, पुढे शाहीर अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. १९५९ मध्ये त्यांची 'फकिरा' आली, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला.

'फकिरा'त वाटेगाव आहे, दुष्काळ आहे आणि हजेरीही आहे. भुकेनं माणसं मरायला लागतात तेव्हा फकिरा आणि त्याचे साथीदार श्रीमंताच्या वाड्यातलं धान्य लुटतात, पुढे बेडसगावचा सरकारी खजिना लुटतात. सरकार त्याला पकडू शकत नाही, म्हणून त्याच्या माणसांना, बायकापोरांना धरून ठेवतं. त्यांच्यासाठी फकिरा स्वतः हजर होतो. आता एक क्षण सरकारी रजिस्टर डोळ्यासमोर आणा. तिथे फकिराच्या नावापुढे दोनच शब्द असणार, जात आणि दरोडा. कादंबरी म्हणजे त्या दोन शब्दांच्या मधल्या जागेत अण्णा भाऊंनी लिहिलेलं सगळं.

पण 'फकिरा' ही वीरकथा आहे. आपला विषय काळोख आहे. त्यासाठी अण्णा भाऊंची दुसरी गोष्ट घ्यायला हवी. ती वाचताना आजही पोटात गोळा येतो.

स्मशानातलं सोनं

'स्मशानातील सोनं'. अनेकांनी ती अभ्यासक्रमात वाचली असेल. भीमा वारणेकाठचा गडी. अंगात बैलाची ताकद. पोटासाठी मुंबईत येतो, काम मिळत नाही. शेवटी उपनगरात डोंगराच्या कडेला दगडाच्या खाणीत काम मिळतं. भीमा खूश. सुतकीनं, पहारीनं तो डोंगर फोडतो, मालक खूश, घरी बायको आणि लहान लेक. आणि मग खाण बंद पडते.

काम नाही. भीमा हिंडत राहतो. एका चितेच्या राखेत त्याला सोन्याची अंगठी सापडते. इथून सुरू होतं. आपल्याकडे मेलेल्या माणसाच्या तोंडात सोन्याचा कण घालायची रीत आहे. भीमा राख चाळायला लागतो, मग पुरलेली प्रेतं उकरायला लागतो. कोण मेलं, किती पैसेवाला होता, कुठे पुरला, यावर त्याचं लक्ष. लोकांसाठी मरण, त्याच्यासाठी पगार. बायको घाबरते, तो ऐकत नाही. घरात दाणा येतोय ना?

आणि मग ती रात्र. भीमा प्रेत उकरायला जातो आणि तिथे त्याच्याआधी कोल्हे पोचलेले असतात. त्यांनाही तेच प्रेत हवंय. काळोखात, एका मढ्यासाठी, माणूस आणि कोल्हे एकमेकांना फाडतात. भीमा जिंकतो. प्रेताच्या तोंडात बोटं घालून सोनं शोधतो, आणि त्या ताठलेल्या जबड्यात त्याची बोटं अडकतात. तो सुटतो, पण बोटं जातात, ती डॉक्टरला कापावी लागतात. त्याच वेळी बातमी येते की बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झालीय. डोंगर फोडणारा तो एवढा गडी लहान पोरासारखा रडतो.

झोलाच्या लोराँलाही प्रेतच चावलेलं असतं, आठवतंय? निदान मरणाऱ्या माणसानं. दोन्हीकडे शरीरावर खूण राहते. पण अर्थ बघा किती वेगळा. लोराँचा व्रण म्हणजे आतून उगवणारं पाप, ते कितीही झाकलं तरी जळणार. भीमाची तुटलेली बोटं म्हणजे हिशोब आहे, खाण किती दिवस बंद होती त्याचा.

मी इथे कुणी कुणाचं वाचून लिहिलं हे शोधत नाहीये. दोन मोठ्या लेखकांनी एकाच प्रश्नाला दिलेली उत्तरं शेजारी शेजारी ठेवतोय. झोला विचारतो, चांगल्या नोकरीतल्या माणसात पशू कसा लपतो? अण्णा भाऊ विचारतात, चांगल्या माणसाची नोकरी गेली की पशू कसा तयार होतो? आणि एक गोष्ट अण्णा भाऊंनी अजिबात सोपी केली नाही. भीमाला ते काम *जमतं*. त्याला त्याची चटक लागते. कोल्ह्यांशी झुंजताना तो बिचारा गरीब वगैरे वाटत नाही, तो भयंकर वाटतो. भुकेनं केलं म्हणून ते गोड होत नाही. म्हणूनच ही गोष्ट प्रचाराची झाली नाही, साहित्याची झाली.

पण उगम कुठे आहे याबद्दल त्यांना शंका नाही. गोष्टीची सुरुवात खाण बंद पडण्यात आहे आणि शेवट खाण सुरू होण्यात आहे. मधला सगळा काळोख त्या दोन तारखांच्या आत बसतो. खाण तशी माती, हे खरंच ठरलं म्हणायचं. फक्त म्हणीतली खाण आईबापाची होती. इथे ती मालकाची निघाली.

जळालेली कपाटं

झोलावर अन्याय नको, म्हणून त्याच्या मालिकेचा शेवट सांगतो. विसावी कादंबरी, 'डॉक्टर पास्काल', १८९३. पास्काल त्याच कुळातला, पण भला माणूस, डॉक्टर. त्यानं आयुष्यभर आपल्याच कुळाच्या फायली बनवल्यात. कोण कुणाकडून काय घेऊन आला, कोण वेडा, कोण दारुडा, कोण खुनी. कपाटभर कागद. तो मेल्यावर त्याची आई ते सगळं जाळून टाकते, घराण्याची अब्रू झाकायला. आणि कादंबरी संपते ती पास्कालच्या तान्ह्या मुलावर. त्याच्या नावापुढे वंशवृक्षात काय लिहायचं ते अजून कुणालाच माहीत नाही. वीस कादंबऱ्या रक्ताचा हिशोब मांडून झोला शेवटी एका कोऱ्या पानापाशी येऊन थांबला.

पाच वर्षांनी, १३ जानेवारी १८९८ ला, त्यानं 'मी आरोप करतो' हे पत्र वर्तमानपत्रात छापलं. कॅप्टन ड्रेफ्युस हा ज्यू अधिकारी. हेरगिरीच्या खोट्या आरोपात काळ्या पाण्यावर पाठवलेला. पुरावा होता एका कागदाचं हस्ताक्षर. ते त्याचंच आहे असं सांगणाऱ्या तज्ज्ञांत पॅरिस पोलिसांचा बेर्तियों होता, माणसांची मापं घेऊन गुन्हेगार ओळखायची पद्धत शोधणारा. ड्रेफ्युस दोषी असणारच असं लष्कराला आणि अर्ध्या देशाला वाटलं, कारण त्याचं रक्त. आणि त्याच्यासाठी उभा कोण राहिला? आयुष्यभर रक्तावर लिहिलेला झोला. त्याला शिक्षा झाली, देश सोडून इंग्लंडला पळावं लागलं. काब्युशला कादंबरीत कुणी वाचवलं नव्हतं. ड्रेफ्युससाठी झोलानं स्वतःला पणाला लावलं.

रजिस्टर अजून उघडंच

आता आजचं बोलू. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात एक चक्र सगळ्यांना माहीत असतं. समजा एका वस्तीवर 'धोका' असा शिक्का मारला. मग तिथे जास्त तपासणी. जास्त तपासणी म्हणून जास्त नोंदी. जास्त नोंदी म्हणून सिस्टीम म्हणते, बघा, शिक्का बरोबर होता! सिस्टीम खोटं बोलत नसते. तिला जे दिलं तेच ती परत देते. १८७१च्या कायद्यानं हेच चक्र हातानं, शाईनं फिरवलं होतं. हजेरी चुकवणं हाच गुन्हा, त्या गुन्ह्याची नोंद, आणि त्या नोंदींवरून ठरणार, की ही जमात गुन्हेगारच. जाकला वंशवृक्षात मागाहून घुसवण्यासारखं. फरक एवढाच, की इथली माणसं खरी होती.

स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांतानं १९४९ मध्ये हा कायदा रद्द केला, देशभरात तो ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. पण जागा रिकामी राहिली नाही. सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आपल्याकडे १९५९चा. कागदावर ते व्यक्तीबद्दल होते, जमातीबद्दल नाही. सवय मात्र जुनीच. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला, की तुरुंगात जातीवरून काम वाटू नका, विमुक्त जमातींच्या माणसांना जन्मावरून सराईत समजू नका, आणि कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढून टाका. २०२४! झोला जाऊन १२२ वर्षं, अण्णा भाऊ जाऊन ५५ वर्षं. आणि रकाना अजून रजिस्टरात होता.

म्हणून 'रक्तातच आहे' हे वाक्य मला निव्वळ गप्पांमधलं वाटत नाही. माणसाच्या आत काळोख असतो, हे झोलाकडून शिकायचं. तो नाकारून काही होत नाही, आणि जाकसारखी माणसंही असतात. पण तो काळोख कुणाच्या आत आहे हे आपल्याला आधीच माहीत आहे असं वाटलं, की आपण त्या न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेलो असतो. समोर काब्युश उभा असतो आणि जाक साक्ष देऊन घरी जातो.

तर मंडळी, एवढंच. 'स्मशानातील सोनं' वाचली नसेल तर आज रात्री वाचा, छोटी आहे, तासाभरात होते. वाचली असेल तर पुन्हा वाचा, आणि या वेळी खाण बंद का पडली याची गोष्टीत कुणाला किती फिकीर आहे ते बघा. तुमच्या भागात हजेरीच्या आठवणी सांगणारं कुणी जुनं माणूस असेल तर त्यांच्याजवळ बसा, ऐकून घ्या आणि लिहून ठेवा. सरकारी रजिस्टरं कपाटात आहेतच. दुसऱ्या बाजूची नोंद आपल्यालाच करायचीय.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.